मष्णू मिस्त्री ब्रेकला हात लावत नाही

३ जून २०२४

शेड उघडलं. सोळा वर्षांनी!

कुलूप गंजून एकजीव झालं होतं, हातोड्यानं फोडावं लागलं. आत जीप होती तशीच — बोनेट चेपलेलं, डावीकडचा मडगार्ड आत दबलेला, चारी टायर बसून जमिनीला चिकटलेले. सीटमध्ये उंदरांनी घरं केलीयत. डिझेलच्या टाकीत काठी घातली तर तांबडा चिखल वर आला. आक्का दारात उभी होती. म्हणाली, "इंजिन फिरतंय का बघ आधी. बाकीचं सगळं होतंय."

प्रेमलाआक्का, माझी थोरली बहीण. शेती तीच बघते. मी चिकोडीच्या हायस्कुलात विज्ञान शिकवतो आणि रविवारी बांधावर उभा राहून शेतकरी होतो. गेल्या पावसाळ्यात नदीकडच्या मळ्यात राजाबाईला साप चावला. कामाला आलेली बाई. काळं रान, गुडघाभर चिखल. ट्रॅक्टर रुतला. चौघांनी तिला बाजेवर घालून दोन किलोमीटर आणलं. वाचली, पण थोडक्यात. तेव्हापासून आक्काचा एकच हेका — "चारी चाकं ओढणारी गाडी शेडात कुजतीया आणि आपण माणसं खांद्यावर वाहतोय. जीप बाहेर काढ."

वर्षभर टाळलं मी. वेळ नाही, पार्ट मिळत नाहीत, पासिंग संपलंय. आज टाळता आलं नाही.

आप्पा सोप्यात बसून होते. वडील एक्क्याऐंशी वर्षांचे झालेत, हल्ली कशावरच बोलत नाहीत.

५ जून

निपाणीहून फिटर आलता. खालून-वरून बघून म्हणाला, "इंजिन सुटंल. पण फोर-व्हीलचा गिअरबॉक्स आमच्यानं व्हायचा न्हाय सर. असल्या जुन्या जीपचं काम करणारा एकच माणूस ऱ्हायलाय. पिरनवाडीला. मष्णू मिस्त्री."

आक्कानं माझ्याकडं बघितलं. "आपला मष्णू?"

"त्योच आसंल. आधी तुमच्या सदलग्यात हुता म्हनं."

मी पाणी प्यायला आत गेलो. तहान नव्हती.

६ जून

आक्का म्हणते, झालं गेलं. त्यालाच दे.

९ जून

सगळी लग्नाला गेलीत. मी डोकं दुखतंय म्हणून राहिलो. डोकं दुखत नाहीय.

एकदा लिहून टाकतो. अनुराधाला, लग्नाच्या बायकोला, सांगितलेलं नाही. या वहीत इतकी वर्षं सगळं लिहिलं — पगार, पोरीचा ताप, हेडमास्तरांचा राग. हे तेवढं नाही.

२००८. मी चोवीस वर्षांचा. आक्काला घेऊन स्तवनिधीला दर्शनाला गेलतो, जीपनं. परत येताना उतार. नवा मोबाईल, आठ दिवसांचा. मेसेज आला म्हणून मांडीवर धरून वाचत होतो. आक्का खिडकीतून बाहेर बघत होती. डोकं वर केलं तेव्हा वळण संपलं होतं आणि दगडी कठडा समोर होता. ब्रेक दाबलाच नाही मी. पाय तिथवर पोचलाच नाही! गाडी आक्काच्या बाजूनं कठड्यावर आपटली आणि खड्ड्यात गेली.

लोक धावत आले. कुणीतरी म्हणालं, "काय झालं रं पोरा?" तोंडातून निघालं — "ब्रेक लागला न्हाय." विचार करून बोललो नव्हतो. खरंच नव्हतो. पण दुसऱ्यानं विचारलं तेव्हा विचार करून बोललो. आणि दवाखान्यात तिसऱ्यानं विचारलं तेव्हा मीच पुढचं जोडलं: चार दिवसांमागं मष्णू मिस्त्रीनं ब्रेकचं काम केलंय.

दुसऱ्या दिवशी आप्पा त्याच्या गॅरेजसमोर उभं राहून गावादेखत ओरडले. "माझ्या पोरीचा पाय घेतलास!" बाबगोंडा आप्पांचा शब्द गावात चालायचा. महिन्याभरात मष्णूकडं कुणी सायकलसुद्धा लावेना. दिवाळीआधी बायकोला घेऊन निघून गेला तो.

आक्काचा डावा गुडघा तेव्हापासून वाकत नाही. ठरत आलेलं लग्न मोडलं.

लिहिलं. हलकं वगैरे काही वाटत नाही.

१६ जून

जीप ट्रकवर चढवून पिरनवाडीला नेली. सबंध वाटेत ठरवत होतो, तो शिव्या देईल. द्याव्यात. मारलं तरी उभं राहायचं.

साठी ओलांडलीय त्यानं. केस पांढरे, चष्म्याची दांडी तारेनं बांधलेली. ट्रकवरची जीप बघून हातातला पाना खाली ठेवला. माझ्याकडं बघितलंच नाही. जीपभोवती एक फेरी मारली, मग म्हणाला, "आक्का कशी हाय?"

"काठी घेऊन चालते."

"व्हय. ऐकलंतं."

मी सांगितलं, जीप तिच्यासाठीच करायचीय, तीच चालवणार म्हणते. अपघाताआधी आक्का ट्रॅक्टर चालवायची, ते त्याला आठवत होतं. थोडा वेळ डावा पाय, क्लच, असं काहीतरी पुटपुटत राहिला. मग म्हणाला, "आक्कासाठी करतो. इंजिन, गिअरबॉक्स, स्टेअरिंग, समदं करतो. ब्रेकचं तेवढं शेजारच्या ओमकारकडनं करून घ्यावं लागंल. मी ब्रेकला हात लावत न्हाय."

"का?"

आता बघितलं माझ्याकडं. "का म्हंजे? त्या दिवसापासनं लावला न्हाय. सर, लई आठवून बघितलं मी. नट ढिला ऱ्हायला, का ब्रेकच्या नळीत हवा ऱ्हायली... आठवत न्हाय. पण झालं ते माझ्याच हातनं न्हवं?"

मी मान खाली घातली. त्याला वाटलं असेल, मोठेपणानं घातली!

सोळा वर्षं मला वाटायचं, तो तिकडं मला शिव्या देत असणार. तो स्वतःलाच देत होता.

२० जून

मिस्त्रीचा फोन. इंजिन सुटलं. पिस्टन नवे घालावे लागतील, ब्लॉक चांगला आहे. काय काय नवं करायचं ते त्यानं आक्काला फोनवर सांगितलं आणि आक्कानं माझ्या शाळेच्या वहीवर उतरवून घेतलं. पॉवर स्टेअरिंग. पुढं डिस्क ब्रेक. बसणाऱ्याला तिन्हीकडून धरणारे पट्टे, कारण त्या जीपला पट्टेच नव्हते. डोक्यावर लोखंडी कमान, उलटली तरी माणूस चेपू नये म्हणून. चिखलाचे टायर. आणि क्लच हातानं — गिअरच्या दांड्यालाच एक पितळी मूठ, सायकलच्या ब्रेकसारखी. आवळली की क्लच सुटतो. असलं कुठं तयार मिळत नाही. मिस्त्री स्वतः घडवणार.

आरटीओचा बदलाचा कागद आणि आक्काचं लायसन, हे माझ्याकडं आलं. तेवढं तरी करतो.

फोन ठेवून आक्का हसली. किती दिवसांनी! म्हणाली, "माणूस लई कामाचा हाय गा."

२४ जून

नववीला पास्कलचा नियम. पुस्तकात उदाहरण हेच — गाडीचा ब्रेक. बंद द्रवावर एका जागी दाब दिला की तो सगळीकडं सारखा पोचतो. दरवर्षी शिकवतो. फळ्यावर पेडल काढलं, नळी काढली, चाक काढलं. मागच्या बाकावरची एक पोरगी उठून म्हणाली, "सर, आणि दाबच दिला नाही तर?"

तिला म्हटलं, चांगला प्रश्न आहे. बस खाली.

३० जून

आज चाकांचे जुने ब्रेक-ड्रम उघडायचे होते. मिस्त्रीनं मुद्दाम बोलावून घेतलं. "तुमच्यासमोर उघडू दे. माझी चूक काय ती दिसू दे एकदाची."

पहाटेच्या बसनं गेलो. मला ठाऊक होतं, आत काय निघणार ते — नीट बसवलेले शू, घट्ट नट, त्याचं चोख काम. ते बघून त्याला कळणार.

ओमकारनं हातोडे मारून मारून ड्रम काढला. आत नुसता गंज. शू कुठलं, सिलेंडर कुठला, नट कुठला, ओळखू येईना. हात लावला की पापुद्रे पडत होते. मिस्त्री लांबूनच वाकून बघत होता. चारी चाकं उघडली, चारीत तेच.

"काय कळत न्हाय आता," म्हणाला. तोंड एवढंसं झालं होतं.

आणि मी — मला सुटल्यासारखं वाटलं! बेळगाव स्टँडवर चहाबरोबर भजी खाल्ली. दोन प्लेट. बसमध्ये बसल्यावर स्वतःच्या हाताला लागलेला तेलाचा वास आला आणि खिडकीतून तोंड बाहेर काढून बसलो, निपाणी येईपर्यंत.

१४ जुलै

आक्काला घेऊन गेलतो. हाताच्या मुठीचं माप घ्यायला, सीट किती मागं न्यायची ते बघायला.

शालूबाई, मिस्त्रीची बायको, दारातच होती. आक्काला हात धरून खुर्चीवर बसवलं. मिस्त्री आला. हात पुसले. मग एकदम वाकून आक्काच्या त्या पायाला हात लावला, सगळ्या गॅरेजदेखत. आक्का दचकली.

"आक्का, माझ्या हातनं झालं. सोळा वर्सं तुज्याकडं यायचं म्हणतोय, धाडस झालं न्हाय. माफी कर."

शालूबाई पदर तोंडाला लावून भिंतीकडं वळली.

आक्का म्हणाली, "ऊठ मिस्त्री. मुद्दाम केलास काय तू? मी कवाच सोडून दिलंय. तू पण सोड आता."

तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दोघंही रडत होती. मी तिथंच, दोन हातांच्या अंतरावर, जीपला टेकून उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. चार शब्दांचं. एवढ्यात आक्काच माझ्याकडं वळून म्हणाली, "वृषभ, तू पण सांग की रं त्याला, आमच्या मनात काय न्हाय म्हणून."

आणि मी सांगितलं. "मिस्त्री, आमच्या मनात काही नाही."

माफ केलं मी त्याला! मी!

१५ जुलै

तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं? काही नाही. जमीन फाटली नसती. तरी नाही उघडलं.

२८ जुलै

दूधगंगा पात्राबाहेर आलीय. नदीकडचा मळा बेट झालाय. शाळेला सुट्टी. आक्का माळवदावर चढून पाणी बघते आणि मिस्त्रीला फोन करते. रोजचंच झालंय ते. तो तिला फोनवर शिकवतो — चिखलात कधी फोर-व्हील टाकायचं, उतारावर लो गिअरमध्ये गाडी कशी सोडायची, घाबरून क्लच का आवळायचा नाही. ती ताटावर पळी आडवी धरून मूठ आवळायचा सराव करते.

अनुराधा म्हणाली, "आक्का बघा कशा पोरीगत झाल्यात."

बघवत नाही.

११ ऑगस्ट

सांगितलं! मिस्त्रीला सांगितलं. आधी लिहून घेतो, मग काय व्हायचं ते होऊ दे.

जीप तयार. रंग नाही दिला अजून, पण उभी राहिलीय नव्यासारखी. मिस्त्री म्हणाला, खाणीच्या उतारावर नेऊन बघू. वर चढेपर्यंत तोच चालवत होता. लो गिअर, चारी चाकं चिखल उपसत होती, गाडी म्हशीसारखी शांतपणे चढली. वर गेल्यावर तो उतरला. "आता ब्रेक बघायचा. तुम्ही बसा. मी म्होरं थांबतो."

तो स्वतः ब्रेक तपासायलाही बसत नाही. हातात मोठा दगड घेऊन उताराच्या मध्यावर उभा राहिला — गाडी सुटलीच तर चाकाखाली टाकायला. साठीचा माणूस!

मी बसलो. पट्टा लावला. गाडी सोडली. ब्रेकवर पाय ठेवला. दाबला — गाडी जागच्या जागी थांबली. मिस्त्रीपासून पंधरा हातांवर. त्यानं डोळे मिटून हात जोडले.

खिडकीतून म्हणालो, "मिस्त्री, मी ब्रेक दाबलाच नव्हता."

"दाबलासा की. थांबली की गाडी."

"आत्ता नाही. त्या दिवशी. मोबाईल बघत होतो. पाय ब्रेकवर गेलाच नाही. तुमचा ब्रेक फेल झालाच नव्हता."

दगड तसाच हातात. "परत बोला."

बोललो.

"आणि एकदा. स्पष्ट."

तिसऱ्यांदा माझा आवाज फुटला. पण बोललो.

त्यानं दगड खाली ठेवला आणि त्याच्यावरच बसला. मला वाटलं आता उठेल, गचांडी धरेल. तो दुसरंच विचारत होता. "पेडल दाबलंच न्हाय? खड्ड्यात पडायच्या आदी, एकदा पण न्हाय?"

"नाही."

"म्हंजे हवा नीट काडलीती मी." स्वतःशीच बोलत होता. "शालू पेडलवर बसलीती. मी खाली. ती म्हनायली, झालं की आता, उठू? म्या म्हटलं, आनि एकदा दाब. चारी चाकांचं दोन-दोनदा काडलंतं... नट बी आवळलंतं. ध्यानात हाय माज्या. हुतंच ध्यानात. पण तुम्ही एवढी माणसं म्हनायला लागलासा. मला वाटलं, आपलंच चुकतंय."

मी खाली उतरून त्याच्यासमोर उभा राहिलो. काय म्हणालो आठवत नाही. पाया पडायला वाकलो तर त्यानं पाय मागं घेतले.

"आक्काला ठावं हाय?"

"नाही."

"मग मी न्हाय सांगनार. तुम्ही सांगायचं. त्ये झाल्याबिगर गाडी सोडनार न्हाय मी हितनं."

परत येताना त्यानंच चालवली. ब्रेक तीन-चारदा उगीचच दाबून बघितला.

१२ ऑगस्ट

आज सांगतो.

१३ ऑगस्ट

आज नाही जमलं.

१९ ऑगस्ट

आक्कानं विचारलं, "जीप कवा येणार? झालंय म्हणत होता की मिस्त्री."

म्हणालो, "कसली झालीय. एक पार्ट चुकीचा बसवलाय त्यानं. परत खोलायला लागतंय. वय झालंय गं त्याचं."

एवढं सहज निघालं तोंडातून. एवढं सहज! लिहितानासुद्धा हात थांबला नाही. पुन्हा त्याच माणसाच्या अंगावर ढकललं. तेव्हा चोवीस वर्षांचा तरी होतो, घाबरलो होतो. आता त्याचं नाव घ्यायला कुणी सांगितलं होतं? चाळीस वर्षांचा मास्तर.

२६ ऑगस्ट

आक्कानं मिस्त्रीला फोन करून झापलं. मी शेजारीच जेवत होतो.

"काय रं मिस्त्री, किती दिवस लावतोस? ह्या पावसात मळ्यात माणसं अडकली तर जबाबदार कोण? एकदा चुकलास ते पोटात घातलं. आता परत तसलंच अर्धंमुर्धं काम करून देणार काय?"

पलीकडून काय उत्तर आलं ऐकू आलं नाही. आक्का फोन ठेवून म्हणाली, "'व्हय आक्का, चुकलं' म्हणतोय. दुसरं काय बोलत न्हाय."

त्यानं दोन शब्दांत मला उघडं पाडलं असतं. नाही पाडलं.

८ सप्टेंबर

दशलक्षण पर्व सुरू. दहा दिवस उपास करतोय. आक्का म्हणाली, यंदा लई धर्म सुचतोय तुला.

१८ सप्टेंबर

क्षमावाणीचा दिवस. बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, सगळे एकमेकांसमोर हात जोडत होते. "वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असंल तर क्षमा असावी." मीही म्हणत होतो, गावातल्या दोनशे माणसांना. आक्काला दरवर्षी म्हणतो आणि ती दरवर्षी म्हणते, "तुझं काय चुकायचंय रं?"

आजही तेच म्हणाली. पायऱ्यांवर बसली होती, पाय लांब करून.

म्हटलं, "आक्का, नकळत नाही. कळत." आणि सांगितलं. मोबाईलपासून. मिस्त्री गाडी का सोडत नाही तेही. पार्टचं खोटं होतं तेही.

लोक येत होते, तिला हात जोडत होते. ती त्यांना हात जोडत होती. माझ्याकडं बघत नव्हती. गर्दी सरल्यावर उठली. पायऱ्या उतरताना ती नेहमी माझा खांदा धरते. आज मी खांदा पुढं केला, तिनं धरला नाही. काठीनं एकेक पायरी उतरली. सात पायऱ्या आहेत.

घरी आल्यावर एवढंच म्हणाली — "पायाचं मागनं बघू. त्या माणसाला मी फोनवर काय काय बोलले, ते ऐकत तू जेवत होतास?"

होय म्हणालो.

"त्यानं मला का सांगितलं न्हाय?"

"मी सांगावं म्हणून."

आत जाऊन दार लावून घेतलं तिनं.

२० सप्टेंबर

बोलत नाही. अनुराधालाही सांगितलं मी. तीही फार बोलत नाही. "आक्कांना भाजी मी वाढते," म्हणाली आज. म्हणजे मी नको.

पहाटे आक्का एकटीच बेळगावच्या बसला बसून गेली. पिशवीत दोन साड्या, लायसन, आरटीओचा कागद.

२२ सप्टेंबर

दुपारी जीप आली. आक्का चालवत! एकटी, पिरनवाडीपासून सदलग्यापर्यंत! डाव्या हातात ती पितळी मूठ, पट्टा लावलेला, पदर कमरेला खोचलेला. गल्लीतली पोरं मागनं पळत होती. दारात आणून अशी थांबवली की चाक उंबऱ्यापासून वीतभर.

उतरली. चेहरा उन्हानं लाल. माझ्याशी बोलली, चार दिवसांनी — पण हुकूम दिल्यासारखी.

"दोन दिवस शालूबाईकडं राहिले. ओमकारनं केलेले सगळे ब्रेक मिस्त्रीनं सोडवले आणि परत स्वतः बसवले. शालूबाई पेडलवर, तो खाली. मी बघत बसलते."

"मिस्त्रीला बोलावलं नाहीस?"

"बोलावलं की. म्हणाला, सदलग्यातनं मला आप्पांनी गावादेखत घालवलं. आप्पा बोलवतील त्या दिवशी येतो." काठी भिंतीला लावली. "आप्पांना उद्या तू सांगायचं. मी न्हाय. ऐकून त्यांना काय झालं तर तेही तूच बघायचं."

या वयात त्यांना हे ऐकवायचं. आपण एका निरपराध माणसाचं घर उठवलं, आणि तेही पोराच्या खोट्यावर विश्वास ठेवून — सहन होईल का त्यांना? मान ताठ ठेवून जगलेला माणूस.

२३ सप्टेंबर

आप्पांना सांगितलं. सगळं. आक्का दारात उभी होती.

शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "ठावं हाय."

मला वाटलं नीट ऐकू आलं नाही त्यांना. परत सांगायला लागलो, तर हात वर केला. "त्याच दिवशी सांजच्याला खड्ड्यात उतरून मी पेडल दाबून बघितलंतं. घट्ट हुतं. चांगला हुता ब्रेक."

"मग दुसऱ्या दिवशी त्याच्या गॅरेजसमोर—"

"त्यो परका हुता. तू माझा."

आक्का आत गेली, चावी घेऊन आली.

"आप्पा, पायताण घाला."

"कुठं?"

"पिरनवाडीला."

आप्पा उठलेत. भिंतीला धरून पायताण शोधतायत. बाहेर जीप सुरू झालीय. एवढं लिहून मीही निघतो.